पुरानंतरची साखर

मला मधुमेह निघाला तो २०२२ च्या नोव्हेंबरात, शिक्षकांसाठी भरवलेल्या एका तपासणी शिबिरात. जेवून अडीच तास झाले होते आणि बोटातून काढलेल्या रक्तात साखर २९४. यंत्राचा काहीतरी घोळ असेल म्हणून तिथल्या मुलाने दुसरी पट्टी लावली, तर ३०१. दोन दिवसांनी लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त दिलं. एचबीएवनसी ८.९ आली. मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी या तपासणीत कळते. ५.७ च्या आत असेल तर ठीक, ६.५ किंवा त्याच्या पुढे मधुमेह. म्हणजे माझं बरेच दिवस चाललेलं होतं.

वय तेव्हा ४४, वजन ५७ किलो. माहेरी कुणाला साखर नाही. शेजारपाजारच्या बायका अंगावरून नजर फिरवून म्हणायच्या, "तुला कसा काय गो? तू तर एवढीशी." डॉक्टरांनी टेप काढून कंबर मोजली, ८७ सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० ही मर्यादा मानतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वीच दाखवून दिलं आहे की आपण भारतीय हातापायांनी बारीक दिसलो तरी पोटात चरबी बाळगून असतो. त्यांनी आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याने २००४ साली स्वतःचेच फोटो आणि मोजमापं 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३, पण साहेबाच्या अंगात चरबी ९ टक्के आणि याज्ञिकांच्या २१ टक्के. माझ्या बारीक असण्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. पण ही कंबर गेल्या दीड वर्षातली होती. लग्नातल्या साड्यांचे ब्लाऊज २०२१ च्या मेपर्यंत मला व्यवस्थित बसत होते.

पुराबद्दल कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? चिपळुणात पूर सगळ्यांनाच आला होता.

ज्यांना आमचं गाव माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चिपळूण वसलंय वाशिष्ठी आणि शिव नदीच्या काठी, चारी बाजूंनी डोंगर. खाली दाभोळची खाडी, त्यामुळे भरतीच्या वेळी नदीचं पाणी पुढे सरकत नाही. वर कोयना प्रकल्प, वीज तयार करून सोडलेलं पाणीही याच वाशिष्ठीत येतं. पावसाळ्यात बाजारपेठेत गुडघाभर पाणी येणं आम्हाला नवं नाही. २६ जुलै २००५ चा पूर मोठा होता, आणि त्यानंतर ज्यांनी घरं दुरुस्त केली त्यांनी त्या पुराच्या खुणेच्या वर कपाटं, फ्रीज, कागदपत्रं ठेवली. २२ जुलै २०२१ ला पाणी ती खूण ओलांडून वर गेलं.

आमचं घर मुरादपूरला, बैठं, कौलारू. पहाटे पाणी अंगणात होतं, उजाडेपर्यंत चुलीच्या ओट्यावर. सासूबाईंना आम्ही पोटमाळ्यावर चढवलं, मागून मुलगा, मग मी. हे शेवटी आले तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागलं होतं. चौघंजण वाकून बसलो, कारण तिथे उभं राहता येत नाही. यांनी चार कौलं काढली आणि डोकं बाहेर काढून हाका मारत राहिले. लाईट नाही, फोन नाही. समोरच्या घरात एक काकू एकट्या राहायच्या, सत्तरीच्या. त्यांच्या घराला माळा नव्हता. त्यांनी माझ्या नावाने हाका मारल्या. आधी मोठ्याने, मग मध्ये मध्ये थांबून. आमच्यामधलं अंतर म्हणजे एक बोळ, पण त्या बोळातून पाणी असं धावत होतं की पोहणारा माणूसही टिकला नसता. दुपारच्या सुमारास हाका थांबल्या. मी यांना म्हटलं, "होडी आली असेल." होडी आमच्याकडे संध्याकाळी आली.

याहून जास्त मी इथे लिहिणार नाही. पुढची गोष्ट शरीराची आहे.

पूर ओसरल्यावर चिखल काढण्यात, पंचनाम्यात, शाळेच्या भिजलेल्या दप्तराच्या नोंदी पुन्हा करण्यात महिने गेले. मी एकदाही रडले नाही. "बाई खंबीर हो," असं मुख्याध्यापकांपासून सगळे म्हणायचे. रात्री मात्र तीनच्या सुमारास डोळे टक्क उघडायचे. पाऊस असला तर पुन्हा झोप नाहीच. वरची टाकी भरून पाणी पागोळीवरून वाहायला लागलं की छाती अशी धडधडायची की बिछान्यात बसून राहावं लागे. मग उठून मी काहीतरी खायचे. ग्लुकोजची बिस्किटं, फरसाण, दुपारची पोळी आणि गूळ. त्या माळ्यावर आमच्याजवळ मुलाच्या दप्तरातला बिस्किटांचा एक पुडा होता आणि तो आम्ही चौघांनी दिवसभर पुरवला होता. रात्री हाताशी खाणं असलं, पोटात काही गेलं, की मला सुटल्यासारखं वाटायचं. नदीकडचा रस्ता मी सोडला. बाजारपुलावरून जायचं म्हटलं की काहीतरी निमित्त काढून वळसा घ्यायचे. आणि काकूंच्या मुलीचा मुंबईहून फोन आला की तो मुलाकडे द्यायचे.

उपचार सुरू झाले ते रीतसर. मेटफॉर्मिन, मग त्याच्या जोडीला ग्लिमेपिराइड. भात कमी, नाचणीची भाकरी, कडधान्यं, पालेभाजी, रोज पाऊण तास चालणं. मी शिक्षिका आहे, सांगितलेलं काटेकोर करणं हा माझा स्वभाव. २०२३ च्या एप्रिलात एचबीएवनसी ७.८ वर आली. सगळे खूश. सप्टेंबरात ८.६. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, उन्हाळ्यात खाली, गणपतीच्या आसपास वर. प्रत्येक वेळी ऐकून घ्यावं लागे. मोदक खाल्ले असतील. श्रावणातले गोडाचे नैवेद्य चुकले नसतील. मी खाल्ले नव्हते, हे मी आज पुन्हा ठासून सांगते, कारण साखर वाढलेल्या माणसावर, त्यातही बाईमाणसावर, चोरून खाण्याचा आरोप फार पटकन होतो आणि तो आरोपच माणसाला डॉक्टरपासून दूर नेतो.

आमच्या डॉक्टरांनी एक गोष्ट केली, ती मला फार मोलाची वाटते. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी माझे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे टेबलावर ओळीने मांडले. थोडा वेळ पाहिले आणि विचारलं, "बाई, पावसाळ्यात काय होतं तुम्हाला?"

मी म्हटलं, "चालणं बंद होतं."

"ते एक झालं. झोप कशी आहे?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागला. मग तीन वाजताचं सांगितलं. टाकीचंही सांगितलं. काकूंचं त्या दिवशी नाही सांगितलं. त्यांनी घरच्या ग्लुकोमीटरवर रात्री जाग आली की आणि सकाळी उपाशीपोटी साखर बघायला सांगितली. रोज नको, अधूनमधून. मी एक वही घातली. हजेरीपत्रकासारखे रकाने आखले आणि त्यात माझ्या मनाने एक रकाना वाढवला: पाऊस.

त्या वहीतल्या दोन नोंदी जशाच्या तशा देते.

"१८ जुलै. संध्याकाळपासून मुसळधार. रात्रीचं जेवण: दीड भाकरी, शेपूची भाजी, मुगाची आमटी. ३ वाजता १७६. उठले, काही खाल्लं नाही. सकाळी १९२."

"३ ऑगस्ट. तीन दिवस उघडीप. जेवण: दीड भाकरी, दुधी, वालाची आमटी. ३ वाजता १३१. परत झोपले. सकाळी १३८."

मुसळधार पावसाच्या बहुतेक रात्री अशाच होत्या. आमच्या वॉट्सॲप ग्रुपवर बाजारपुलाजवळची पातळी येत असते, पाच मीटरला इशारा, सात मीटरला धोका. पातळी साडेचारच्या वर गेल्याचा मेसेज आला आणि मी तो वाचला, की त्या रात्रीची साखर चढलेली. खाणं तेच, गोळ्या त्याच.

हे कसं घडतं ते डॉक्टरांनी समजावलं, नंतर मीही वाचलं. मेंदूला धोका जाणवला की मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं, शिवाय नवी बनवतं, आणि इन्सुलिनचा प्रभाव तेवढ्यापुरता कमी होतो. पळायचं असेल, पोहायचं असेल, तर ही साखर स्नायू वापरून टाकतात. मी गादीवर पडून होते. स्वादुपिंड धडधाकट असलेल्या माणसात ही जादा साखर इन्सुलिन आवरतं. माझ्यात ते आवरत नव्हतं. त्यात पहाटे प्रत्येकाचंच कॉर्टिसॉल वाढतं, म्हणून उपाशीपोटीचा आकडा आणखी फुगतो.

आणि झोप. १९९९ साली शिकागोच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना लागोपाठ सहा रात्री चारच तास झोपू दिलं, तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची ताकद घसरली होती. माझ्या अर्धवट झोपेला तीन वर्षं होऊन गेली होती.

मी डॉक्टरांना म्हटलं, मग कॉर्टिसॉलची तपासणी करून टाकू. ते नको म्हणाले. या जुनाट भीतीच्या आजारात कॉर्टिसॉल कायम चढलेलंच सापडतं असं नाही, अनेक अभ्यासांत ते उलट कमी आढळलंय. बिघाड असतो तो या सगळ्या यंत्रणेच्या लयीत, तिच्या चढउतारात. एका सकाळच्या आकड्यावरून माझ्या उपचारात काहीच ठरणार नव्हतं. इंटरनेटवर 'कॉर्टिसॉल उतरवा, साखर उतरवा' म्हणून चूर्णं विकणाऱ्यांचं पीक आलंय, त्यांच्या नादी लागू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सांगितलं तेव्हा घरात शांतता पसरली. आमच्या भागात 'रत्नागिरीला धाडलं' म्हणजे वेड लागलं, एवढाच अर्थ. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, गावाची ओळख लोकांनी त्याला चिकटवून टाकलीय. सासूबाई म्हणाल्या, "साखरेसाठी डोक्याचा डॉक्टर कशाला गो?" यांचा प्रश्न जास्त अवघड होता. "पूर मलाही आला. माळ्यावर मीही होतो. मला कुठे साखर झाली?"

यावर माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर समजलं ते असं. एकाच प्रसंगातून गेलेल्या बहुतेकांची घडी काही महिन्यांत पुन्हा बसते. काहींची बसत नाही. त्यात आधीचं आयुष्य येतं, त्या वेळी आपण काय पाहिलं-ऐकलं ते येतं, नंतर कोणी जवळ बसून ऐकलं का तेही येतं. आणि ज्यांची बसत नाही त्यांच्यातही प्रत्येकाला मधुमेह होत नाही. अमेरिकेतल्या सुमारे पन्नास हजार नर्सेसचा २२ वर्षं पाठपुरावा केलेला एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. आघातानंतरच्या तणावाची, म्हणजे पीटीएसडीची, सर्वांत जास्त लक्षणं असलेल्या नर्सेसमध्ये टाइप टू मधुमेहाचं प्रमाण आघातच न झालेल्या नर्सेसच्या जवळपास दुप्पट होतं. वाढीव धोक्याचा निम्म्याच्या आसपास भाग वाढलेल्या वजनाने आणि नैराश्यावरच्या औषधांनी समजावता येत होता. उरलेला येत नव्हता. दुप्पट धोका म्हणजे नक्की होणार असं नव्हे. पण "हे तुझ्या मनाचे खेळ आहेत" असं म्हणायलाही जागा उरत नाही.

मी गेले. आधी एका मानसोपचारतज्ज्ञांकडे. त्यांनी वीस प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. गेल्या महिन्यात नकोशा आठवणी किती त्रास देत होत्या, त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टी किती टाळल्या, दचकणं, झोप, स्वतःला दोष देणं. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, एकूण ८०. तीस-बत्तीसच्या पुढे गेलं की नीट तपासणी करायची. माझे ५४ झाले. 'स्वतःला किंवा दुसऱ्याला दोष देणे' या ओळीसमोर चारला गोल करताना माझा हात थरथरला, पुरानंतर पहिल्यांदा. त्यांनी गोळ्यांचा पर्याय सांगितला आणि हेही सांगितलं की यातल्या काही औषधांनी वजन आणि साखर वाढते, काहींनी नाही, त्यामुळे मधुमेह असलेल्याने ते आधीच विचारून घ्यावं. हे वाक्य मी इथे मुद्दाम लिहिते आहे. दोन डॉक्टरांच्या दोन फायली असतात आणि त्या एकमेकींना भेटत नाहीत. त्या भेटवण्याचं काम पेशंटलाच करावं लागतं. मी आधी बोलून करायचा उपचार निवडला.

पुण्याच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे तो ऑक्टोबरात सुरू झाला. पहिल्या काही वेळा प्रत्यक्ष जाऊन, पुढे व्हिडिओवर. दर आठवड्याला दीड तास. पद्धत अशी: डोळे मिटायचे आणि तो दिवस पहिल्यापासून सांगायचा, 'होतं' नाही, 'आहे' म्हणून. पाणी ओट्यावर आलं आहे. सासूबाईंचा पाय शिडीवरून सरकतो आहे. दर पाच मिनिटांनी त्या विचारायच्या, शून्य ते शंभरात त्रास किती? मी म्हणायची ऐंशी, नव्वद. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. हे सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं.

हा उपचार सोपा आहे असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पहिल्या आठवड्यांत माझी साखर वाढली. सकाळचे आकडे १८०, १९०. सासूबाई चिडल्या की पैसे देऊन दुखणं आणते आहे. डॉक्टरांना आधीच कल्पना दिली होती म्हणून ते घाबरले नाहीत, गोळ्या नियमित घ्यायला आणि रोज मोजायला सांगितलं. असा उपचार घेणाऱ्या मधुमेह्याने साखरेच्या डॉक्टरला त्याची खबर द्यायलाच हवी.

मग एका बैठकीत मी काकूंच्या हाकांपाशी आले. तोवर मी तो भाग दोन वाक्यांत उरकत होते. त्यांनी तिथेच थांबवलं. काय ऐकू येतंय? आवाज कुठून येतोय? तुम्ही काय करताय? मी म्हटलं, मी मुलाचे कान झाकलेत. हे मला आठवतच नव्हतं. इतकी वर्षं मी स्वतःला 'काहीच न करता बसलेली' समजत होते. मी मुलाचे कान झाकले होते, दोन्ही हातांनी, आणि म्हणून माझे उघडे होते. त्या दिवशी मी रडले ते संध्याकाळपर्यंत. त्या रात्री सलग सहा तास झोपले.

टाळलेल्या गोष्टींचीही यादी होती, कमी त्रासाच्या गोष्टीपासून वर चढत जाणारी. टाकी मुद्दाम भरू द्यायची आणि ओसंडणाऱ्या पाण्याखाली उभं राहायचं. बाजारपुलाच्या कठड्याला हात लावून, त्रासाचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथेच थांबायचं. यादीत सगळ्यात वर काकूंची मुलगी होती. जानेवारीत ती घराचं काम बघायला आली तेव्हा मी गेले. तिला जे ऐकलं ते सांगितलं, तिच्या आईने माझ्या नावाने हाका मारल्या तेही. ती म्हणाली, "म्हणजे शेवटी कुणीतरी आपल्याला ऐकतंय हे तिला माहीत होतं, ताई." मी तिला फोनवर टाळत होते कारण ती मला जाब विचारील असं मला वाटत होतं. तिला फक्त हे हवं होतं, आणि साडेतीन वर्षं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल सगळ्या मधुमेह्यांना सांगावंसं वाटतं. डिसेंबरात एका रात्री मी घामाने डबडबून जागी झाले. छाती धडधडतेय, हात कापतायत, जीव घाबरा. मला वाटलं, परत सुरू झालं. पण बाहेर थंडी होती, टाकी कोरडी, कुठे थेंब नाही. सवयीने बोट टोचलं. ६२. साखर उतरली होती. ७० च्या खाली गेली की शरीर हेच ॲड्रिनलिन सोडतं, त्यामुळे ती भीती आणि ही साखर उतरणं आतून अगदी सारखंच वाटतं. तीन चमचे साखर पाण्यातून घेतली, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, ९४. यंत्र हाताशी नसतं तर मी दीर्घ श्वास घेत बसले असते आणि साखर आणखी खाली गेली असती. आणि उलटही होऊ शकतं, भीतीच्या झटक्याला साखर उतरली समजून माणूस गोड खात राहतो. भीतीचा आजार असलेल्या मधुमेह्याच्या उशाशी ग्लुकोमीटर हवाच. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड आधी निम्मी केली, पुढे बंद. आधीच्या साखरेसाठी बांधलेला डोस माझ्या नव्या झोपेला जास्त होत होता.

ऑक्टोबरात ८.७ असलेली एचबीएवनसी फेब्रुवारी २०२५ मध्ये ७.४ आणि जूनमध्ये ६.८ झाली. प्रश्नावलीचे गुण ५४ वरून १८.

आता, हे सगळं त्या उपचाराने झालं का? रात्रीचं खाणं थांबलं, कारण रात्रीची जागच थांबली. नदीकडचा रस्ता मोकळा झाल्यामुळे चालणं वाढलं. गोळ्या पूर्वी अधूनमधून विसरायच्या, त्या विसरेनात. कंबर पाच सेंटिमीटर उतरली. यातला प्रत्येक धागा साखरेपर्यंत जातो आणि कुठल्याने किती झालं ते वेगळं काढता येत नाही. अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरचा २०१९ चा एक अभ्यास आहे. ज्यांची पीटीएसडीची लक्षणं ठळकपणे कमी झाली त्यांच्यात पुढे मधुमेह होण्याचं प्रमाण बाकीच्यांपेक्षा ४९ टक्क्यांनी कमी आढळलं. पण तो मधुमेह नव्याने होण्याबद्दल आहे. झालेला मधुमेह मनाच्या उपचाराने जातो असं तो सांगत नाही आणि मीही सांगत नाही. मेटफॉर्मिन मी घेते आहे आणि घेत राहणार. मन शांत झालं म्हणून गोळ्या सोडणारी माणसं मला भेटली आहेत. त्यांची मला काळजी वाटते.

मला राग येतो तो दुसऱ्या गोष्टीचा. पुरानंतर आमच्याकडे लेप्टोच्या, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, गोळ्या वाटल्या, धनुर्वाताची इंजेक्शनं दिली, विहिरींत पावडर टाकली. ते सगळं लागतंच. पण वर्षभराने, दोन वर्षांनी त्याच घरांत जाऊन कुणी विचारलं नाही की बाबांनो, झोपता का, आणि साखर, रक्तदाब तपासलाय का. पुनर्वसन म्हणजे घर आणि दुकान, एवढ्यावर हिशोब मिटतो. तळिये, इर्शाळवाडी, माळीण, किल्लारी. जे वाचले त्यांच्या रक्ताचे आकडे पुढे काय झाले, हे त्यांच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फायलींना विचारायला हवं. पुण्याच्या बैठकांचा खर्च मला झेपला कारण मला पगार आहे. सरकारची टेली मानस ही फोनसेवा, १४४१६, २०२२ पासून आहे. ती मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. सुरुवात करायला ती पुरेशी आहे, पूर्ण उपचाराला मात्र माणूस जवळ लागतो आणि तो तालुक्याच्या गावात मिळायला हवा.

२०२५ चा पावसाळा ही माझी खरी परीक्षा होती. ऑगस्टात वाशिष्ठीने इशारा पातळीजवळ जाऊन आम्हाला पुन्हा सामान वर चढवायला लावलं. त्या रात्री मी जागीच होते, सगळं मुरादपूर जागं होतं. सकाळी साखर १५१. दोन दिवसांनी ११८. वहीत दोन्ही लिहिले.

सप्टेंबरअखेर रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो, हेही सोबत होते. एचबीएवनसी ७.१. जूनपेक्षा वाढली होती, पण इतक्या पावसाळ्यांत पहिल्यांदा आठच्या खाली राहिली होती. डॉक्टरांनी गोळी तीच ठेवली, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी राहिलीय ती याच महिन्यात करून घ्या म्हणाले. फाईल मिटली आणि यांच्याकडे वळून विचारलं, "साहेब, तुमची झोप कशी आहे?"

हे नेहमी 'मस्त' म्हणतात. त्या दिवशी म्हणाले, "चार तास. पाऊस असला तर तेवढीही नाही." डॉक्टरांनी कपाटातून नवा केसपेपर काढला आणि त्यांचं बीपी घ्यायला पट्टा बांधला.